कापलं की हळदीचा डबा उघडण्याआधी

कोयता निसटला, विळी लागली, खवणीवर बोटाचं पेर खरवडलं, की आपल्याकडं घरात पहिली आरोळी ठरलेली: "हळद आण की गा लवकर, दाब त्यावर!" खानापूरच्या भातात काय, निपाणीच्या तंबाखूत काय, चिकोडी-रायबागच्या उसात काय आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काय, उपाय तोच. हळदीला नावं ठेवायची नाहीत, तिची जागा पुढं सांगितली आहे. पण वाहत्या जखमेत चमचाभर हळद कोंबली की जखम किती खोल आहे, कडा कशा फाटल्यात, आत माती राहिली का, हे कुणालाच दिसत नाही. टाके घालायची वेळ आली तर दवाखान्यात आधी तो पिवळा थर खरवडून, धुऊन काढावा लागतो, तोही दुखऱ्या जखमेवर. घरगुती उपायांची वेळ रक्त थांबल्यावर आणि जखम धुतल्यावर येते, त्याआधी नाही.

दाब, घड्याळ लावून

धुतलेलं सुती फडकं घ्या. जुना पंचा, धोतराचा तुकडा, साडीचा पदर, काहीही चालेल, फक्त स्वच्छ आणि कोरडं हवं. चार पदरी घडी करून जखमेवर ठेवा आणि तळहातानं सरळ दाबा. हात कापला असेल तर तो छातीपेक्षा वर धरा. पाय असेल तर आडवं होऊन पाय उशीवर किंवा पोत्यावर टेका.

दहा मिनिटं म्हणजे घड्याळाची दहा मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला फडकं उचलून "थांबलं काय?" म्हणून बघणं ही सगळ्यात नेहमीची चूक. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून फाटलेल्या नसेच्या तोंडावर बूच बसवतात, मग त्यावर फायब्रिनचं जाळं विणलं जातं. फडकं उचललं की ते ओलं बूच त्याच्याबरोबर निघून येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. फडकं भिजलं तर काढू नका, त्याच्यावरच दुसरं ठेवून दाबत राहा. हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन असल्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ लागतो, हे धरून चाला. वीस मिनिटं नीट दाबूनही थांबत नसेल, किंवा लालभडक रक्त ठोक्याठोक्याला उडत असेल, तर घरातले प्रयोग बंद. दाब तसाच ठेवून निघायचं. गाडी नसेल तर १०८.

मनगटाला किंवा दंडाला सुतळी, नाडी, साडीची किनार करकचून बांधायची सवय सोडावी. बांधणं अर्धवट घट्ट असेल तर धमनीतून रक्त येत राहतं आणि परत नेणाऱ्या शिरा मात्र दबतात, म्हणजे रक्त वाढतं. फार घट्ट असेल तर खालचे स्नायू आणि मज्जातंतू मरायला लागतात. साध्या कापण्याला तळहाताचा दाब पुरतो.

मग पाणी, आणि भरपूर

जे पाणी आपण पितो त्या पाण्यानं जखम धुता येते. नळाचं वाहतं पाणी आणि दवाखान्यातलं सलाईन यांची तुलना करून झालेल्या अभ्यासांत साध्या जखमांसाठी पिण्याचं पाणी कमी पडलेलं नाही. पाटाचं, चरीतलं, भातखाचरातलं, घटप्रभेतून उपसलेलं तसंच्या तसं पाणी मात्र नको. शेतात असाल तर पिण्याच्या बाटलीतलं वापरा.

किती पाणी? दोन सेंटिमीटरच्या कापाला निदान अर्धा लिटर, माती लागली असेल तर एक लिटर. नुसतं वरून ओतून उपयोग नाही, थोडी धार लागते. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुई तापवून एक बारीक भोक पाडा, बाटली दाबली की पिचकारीसारखी धार येते. मेडिकलमधली वीस मिलीची सिरिंज, सुई न लावता, तेच काम आणखी नीट करते. धार जखमेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडं, तिरकी सोडा, म्हणजे माती बाहेर वाहते. कण दिसत असला आणि धारेनं निघत नसेल तर चिमटा स्पिरिटनं पुसून अलगद उचला. कापडानं किंवा नारळाच्या शेंडीनं घासायचं नाही. काच, लोखंडाचा तुकडा किंवा जाड काटा खोल रुतला असेल तर तो ओढूच नका, बूच म्हणून तोच रक्त अडवून बसलेला असू शकतो.

मिठाचं पाणी करायचं तर प्रमाण पाळा. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड चमचे, सपाट भरून. पाणी दहा मिनिटं उकळा, मीठ विरघळवा, झाकून कोमट होऊ द्या आणि त्याच दिवशी संपवा. मूठभर मीठ टाकलं की पाणी 'जास्त गुणकारी' होतं हा समज खोटा. जास्त खारं पाणी जखमेतल्या जिवंत पेशींतलं पाणी ओढून घेतं, आग होते ती त्याचीच.

साबण जखमेभोवतीच्या कातडीला लावा, आत नको. डेटॉल, सॅव्हलॉन कच्चं ओतू नका, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून भोवतालची कातडी पुसायला वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान होतं, पण तो जंतूंबरोबर नव्यानं येणाऱ्या पेशीही मारतो. पोव्हिडोन आयोडीनचं मलम पहिल्या दिवशी पातळ थरात लावायला हरकत नाही. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मोठ्या जखमेवर विचारल्याशिवाय लावू नये.

धुताना हे तपासून घ्या: प्रत्येक बोट वेगवेगळं मिटतं आणि उघडतं का? कापाच्या पुढं बोटाच्या शेंड्याला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतो का? भात कापताना विळा बहुतेक डाव्या हाताच्या करंगळीला नाहीतर अनामिकेला लागतो, कारण मूठ त्याच हातात धरलेली असते. वरून काप लहान दिसतो आणि खाली स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, तुटलेली असते. बोट वाकत नसेल किंवा शेंडा बधिर असेल तर हळदीनं, मधानं, कशानंच ते जुळणार नाही. शस्त्रक्रिया लागते, आणि जितकी लवकर तितकी बरी.

पिवळसर चरबी दिसतेय, कडा उघड्या राहतायत, काप सांध्यावर, चेहऱ्यावर किंवा तळहातावर आहे, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल आहे: यातलं काही असलं की टाक्यांसाठी जावं. सहा ते आठ तासांत गेलेलं बरं. उशीर झाला म्हणून न जाणं मात्र चूक, चेहऱ्याच्या जखमा त्यानंतरही शिवतात.

हळद: कुठं चालते, कुठं नाही

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतं, सूज कमी करतं, हे खरं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जखमेवर दाबलेल्या हळदीनं रक्त थांबतं ते बहुतेक कोरड्या पुडीनं ओल शोषल्यामुळं आणि वरून बोटानं दाबल्यामुळं. तोच दाब स्वच्छ फडक्यानं दिला तर जखम स्वच्छ राहते.

हळद शिजवतात, मग खळ्यावर, अंगणात, ताडपत्रीवर कित्येक दिवस वाळवतात, पॉलिश करतात, गिरणीत दळतात. गड्डा मुळात मातीतला. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि साध्या उकळण्याला दाद देत नाहीत, शिवाय वाळवताना नवी धूळ बसतेच. त्यात स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा: ओला चमचा, मोहरी, तिखटाची बोटं. सुटी हळद पिवळीधमक दिसावी म्हणून मेटॅनिल यलो किंवा शिशाचं क्रोमेट मिसळण्याचे प्रकार देशात सापडलेले आहेत. जेवणात ती चिमूटभर जाते तेही वाईटच, उघड्या जखमेत तर नकोच.

जिथं चालते ती जागा म्हणजे वरवरचा ओरखडा, कडा मिटलेल्या, पाणी झरायचं थांबलेलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर. दोन चमचे खोबरेल मंद आचेवर गरम करा, पाव चमचा हळद घाला (अख्खं हळकुंड आणून धुऊन, वाळवून घरी कुटलेलं असेल तर उत्तम), दोन-तीन मिनिटं ठेवा, जळू देऊ नका. गार करून पातळ कापडातून गाळा. हे तेल खपलीवर आणि कडांना दिवसातून एकदा, अगदी पातळ. खपली मऊ राहते, तडकत नाही, खाज कमी होते. एवढंच काम, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. लावल्यावर जखमेबाहेरही लाल पुरळ आणि खाज आली तर हळद अंगाला मानवत नाही, बंद करा. आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही, म्हणून रोज एकदा पुसून बघणं भाग आहे.

हळद-चुन्याचा लालभडक लेप मुक्या माराचा आहे, उघड्या जखमेचा नाही. भिजवलेल्या चुन्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, साध्या पाण्याचा सात) बाराच्या पुढं जातो, जखमेवर तो भाजतोच.

तंबाखू, तपकीर, रॉकेल आणि बिब्बा

निपाणी पट्ट्यात चिमूटभर तंबाखू चोळून कापावर दाबणं अगदी सहज होतं. तपकिरीचंही तसंच. निकोटिननं बारीक नसा आवळतात म्हणून रक्त थांबल्यासारखं वाटतं. पण नसा आवळल्या की जखमेला रक्त कमी मिळतं आणि भरायला उशीर लागतो. तुटलेल्या कातडीतून निकोटिन भराभर अंगात शिरतं. ओला पाला हाताळताना मळमळ, गरगर येते हे तंबाखूत काम करणाऱ्यांना सांगायला नको, उघड्या जखमेतून तर ते आणखी सोपं. लहान मुलांच्या जखमेला तंबाखू लावणं सरळ धोक्याचं. पाला खुडणाऱ्यांनी आणि पाल्यात बसून काम करणाऱ्या बायकांनी बोटावरचा काप पट्टीनं झाकूनच कामाला बसावं.

बिब्ब्याचं तेल टाचेच्या भेगांत, काटा मोडलेल्या जागी तापवून लावतात. बिब्ब्यात आणि काजूच्या टरफलाच्या तेलात एकाच जातीचे जळजळीत पदार्थ असतात, त्यानं फोड येतात, कातडी काळी पडून निघते. काजू फोडणाऱ्यांचे हात बघितले की वेगळा पुरावा लागत नाही. कापावर बिब्बा म्हणजे कापावर भाजणं.

उद्यमबागेतली तऱ्हा वेगळी. बिडाचा बारीक बर, म्हणजे ओतीव लोखंडाचा धारदार कीस, हाताला लागला की रॉकेलनं किंवा डिझेलनं हात धुवायचे आणि फेव्हिक्विक लावून काप चिकटवायचा. रॉकेल कातडीतली चरबी काढून टाकतं आणि उघड्या मांसाला जाळतं. दवाखान्यातला जखमेचा गोंद त्याच कुळातला असला तरी वेगळ्या रसायनाचा आणि निर्जंतुक असतो. बाजारातला गोंद वाळताना तापतो, टोचतो आणि आतलं तेल, बर, कूलंट तसंच बंद करून टाकतो. दोन दिवसांनी बोट ठणकायला लागतं ते त्यामुळं. एक प्रकार सगळ्या वर्कशॉपवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा: ग्रीस गन, हायड्रॉलिक पाइप किंवा रंगाच्या गनमधून दाबानं द्रव बोटात घुसला, तर बाहेर सुईच्या टोचण्याएवढं भोक दिसतं आणि पहिल्या तासात फारसं दुखतही नाही. तरीही ती तातडीची शस्त्रक्रिया असते. थांबलं तर बोट जाऊ शकतं.

राख, शेण, माती, कोळ्याचं जाळं, टूथपेस्ट, चहापत्ती, कॉफी यांवर वेगवेगळं लिहायची गरज नाही, यातलं काहीच लावायचं नाही. बैलाच्या जखमेचा स्प्रे माणसाला मारू नका, त्यात माश्या पळवणारी औषधं असतात. आणि उरलेल्या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पावडर टाकू नका. ती जखमेत ढेकूळ होऊन बसते आणि ॲलर्जी झाली तर पुढं तेच औषध कधी घेता येत नाही.

दगडीपाल्याचं काय करायचं

बांधावर, भिंतीच्या फटीत, रस्त्याकडेला सगळीकडं उगवणारी ही वनस्पती, कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. जमिनीलगत पसरणारी, पानं खरखरीत केसाळ आणि कडेला दातेरी, आणि वर वीतभर उंच लवदार दांड्यावर एकच फूल: मधे पिवळं, भोवती चार-सहा फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. ही खूण पक्की लक्षात ठेवा, कारण शेजारी उभं असतं ते काँग्रेस गवत. त्याची पानं गाजरासारखी चिरलेली असतात आणि फुलं बारीक पांढरी, घोसात. त्याचा रस जखमेला लागला तर कातडीला ॲलर्जी आणि खाज येऊ शकते.

दगडीपाल्याच्या रसानं रक्त थांबतं हा दख्खनभर चालत आलेला अनुभव आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत जखम भरण्यावर त्याचा परिणाम दिसलेला आहे. माणसांवरचा भक्कम पुरावा मात्र नाही. बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे. अशा ठिकाणी पान ओळखून, धुऊन, सुकवून, मोजून अर्क काढला जातो. बांधावरच्या पानाला यातलं काहीच झालेलं नसतं. उसाच्या बांधावर तणनाशक मारलेलं असतं, त्यावरून जनावरं गेलेली असतात. म्हणून माझं मत सरळ आहे: खोल जखमेत नको, वरवरच्या ओरखड्याला लावलात तर असं लावा. फवारणी नसलेल्या जागची आठ-दहा कोवळी पानं, वाहत्या पाण्यात दोनदा धुऊन शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढायची. पाट्यावर वाटू नका, चटणीची मिरची त्या दगडात मुरलेली असते. स्टीलची वाटी आणि चमच्याची पाठ पुरते. स्वच्छ कापडातून पिळून दोन-तीन थेंब फक्त रस. चोथा जखमेवर बांधून ठेवायचा नाही, वाळला की तो मांसाला चिकटतो आणि काढताना जखम पुन्हा उघडते.

मध, कोरफड, कडुनिंब, तुरटी

घरगुती औषधांत जखमेसाठी सगळ्यात दमदार मधच. त्यात सुमारे ८० टक्के साखर आणि पाणी जेमतेम, त्यामुळं जंतूंचं पाणी ओढलं जातं. तो आम्लधर्मी आहे, आणि त्यातलं एक एन्झाइम ओलाव्यात हळूहळू अगदी थोडं पेरॉक्साइड बनवत राहतं. दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानातला मध खायला अप्रतिम, पण त्यात मेण, पराग, मधमाश्यांचे तुकडे आणि बीजाणू असतात. बाजारातल्या बाटलीत साखरेचा पाक निघू शकतो, आणि फार तापवलेल्या मधातलं एन्झाइम मेलेलं असतं. तेव्हा मेडिकलमध्ये जखमेसाठीचा मध मिळाला तर तो घ्या, नाहीतर फक्त उथळ, धुतलेल्या कापाला साधा मध.

मध जखमेवर ओतू नका, गॉजवर घ्या. दोन इंच बाय दोन इंचाच्या गॉजला चहाचा एक चमचा, मुरू द्या, जखमेवर ठेवा, वर कोरडं गॉज, मग कागदी टेप. रोज बदला. जखमेतून पाणी जास्त येत असेल तर मध पातळ होतो आणि काम थांबतं, मग दिवसात दोनदा. पट्टीच्या कडा नीट बंद नसतील तर रात्री मुंग्या येतात, खाली झोपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध लावायचा नाही आणि चाटवायचा तर अजिबात नाही.

कोरफडीचं पान तोडलं की पहिल्यांदा पिवळा कडू चीक येतो, तो आग करतो. पान कापलेल्या बाजूनं खाली धरून पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक गळू द्या, धुवा, साल काढा आणि स्वच्छ पारदर्शक गर घ्या. तो उन्हानं भाजलेल्या किंवा मिटलेल्या कातडीला चांगला. उघड्या, खोल जखमेत नको. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमा कोरफडीनं उलट उशिरा भरल्या होत्या.

कडुनिंबाचं पाणी: वीस-पंचवीस पानं, एक लिटर पाणी, दहा मिनिटं उकळून गाळलेलं. खपलीभोवतीचा चिकट भाग भिजवून पुसायला बरं. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा गुण उकळलेल्या पाण्याचाच. कडुनिंबाचं तेल मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषारी.

तुरटी दाढीच्या कापाला आणि विळीच्या बारीक ओरखड्याला. ओली करून मिनिटभर दाबायची, वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि नस मिटते. पण केशकर्तनालयात एकच खडा सगळ्यांच्या गालावरून फिरतो, आणि काविळीचा बी विषाणू रक्तातूनही पसरतो. आपला खडा आपण न्यावा.

झाकून ठेवा

"वारा लागू दे, खपली धरू दे" हा आपला आवडता सल्ला. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की ओलसर, झाकलेली जखम उघड्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगानं नवी कातडी धरते. खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं, ओलसर पृष्ठावर त्या सरळ सरकतात. म्हणून धुतलेल्या जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, गॉज, टेप. रोज एकदा आणि भिजली की लगेच बदल. गॉज चिकटलं तर ओढू नका, मिठाच्या पाण्यानं दहा मिनिटं भिजवा.

कडा थोड्या उघड्या पण जखम स्वच्छ आणि उथळ असेल तर कागदी टेपच्या पट्ट्या चालतात. एक सेंटिमीटर रुंद, सहा-सात सेंटिमीटर लांब पट्टी कापा, मधला भाग दोन्ही बाजूंनी आत दुमडा म्हणजे गोंद जखमेला लागत नाही. कातडी पूर्ण कोरडी करून एका बाजूला चिकटवा, बोटानं कडा जवळ आणा, दुसऱ्या बाजूला चिकटवा. दोन पट्ट्यांत तीनेक मिलिमीटर अंतर ठेवा, पाणी निघायला. बोटाभोवती टेप गोल गुंडाळू नका, सूज आली की तोच फास होतो. सांध्यावर या पट्ट्या टिकत नाहीत.

पावसाळ्यात खानापूरकडं रोपलावणीला पाय दिवसभर चिखलात असतात. पायाला काप असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नये. उतरावंच लागलं तर पट्टीवर प्लास्टिकची पिशवी आणि गमबूट, घरी आल्यावर लगेच सगळं काढून धुवायचं, कोरडं करायचं. प्लास्टिक रात्रभर ठेवलं तर कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि तिथूनच चिघळायला सुरुवात. उसाच्या पात्याचे दंडावरचे बारीक चरे बांधत बसायचे नाहीत. घाम आणि धूळ धुऊन खोबरेल किंवा जेली पुरते, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट.

शुगर असलेल्या माणसाच्या पायाला लागलं तर यातला एकही घरगुती उपाय करू नका. धुवा, झाका, दाखवा. त्यांना दुखत नाही हीच धोक्याची खूण. कुत्रं, माकड चावलं असेल तर तो काप नव्हे: साबण लावून वाहत्या पाण्यात पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

धनुर्वात आणि पिकण्याच्या खुणा

गंजलं लोखंडच लागलं पाहिजे असं नाही, शेणामातीचा काटाही पुरतो. स्वच्छ, लहान जखम असेल तर शेवटची धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत झाली असली की पुरे. माती, शेण, खोल भोसकणं असेल तर पाच वर्षांची मर्यादा. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले नसतील किंवा काहीच आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, घाण जखमेला वेगळं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. आता टीटीच्या (नुसत्या धनुर्वाताच्या लशीच्या) जागी बहुतेक सरकारी ठिकाणी टीडी देतात, काम तेच, शिवाय घटसर्पापासूनही बचाव. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेण्याची गरज नाही. चोवीस तास उलटून गेले म्हणून न घेणं हेही चूक.

पहिले दोन दिवस थोडी लाली, थोडी सूज, पिवळसर पातळ पाणी हे चालतं. तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, घट्ट पू आला, वास आला, तर पिकलंय. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढून ठेवा. सहा-आठ तासांनी लाली रेघेबाहेर गेली, लाल पट्टा हातावरून वर चढला, काखेत किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, ताप आला, तर कसलाही लेप न लावता दवाखाना गाठा. जबडा आखडायला लागला, गिळता येईना, तर रात्र असली तरी थांबू नका. भात, वांगं खाल्ल्यानं जखम पिकत नाही. पथ्याच्या नावाखाली डाळ-अंडी बंद केली तर भरायला लागणारं प्रथिनच कमी पडतं.

टाके पडले असतील तर पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ओले करू नका आणि त्यावर तेल-हळद नको. चेहऱ्याचे साधारण पाचव्या दिवशी निघतात, हाताचे सात ते दहा, सांध्यावरचे दहा ते चौदा दिवसांनी. घरी ब्लेडनं काढू नका, बाहेरचा घाण धागा आतून ओढला गेला तर भरलेली जखम पुन्हा पिकते. निघाल्यावर पुढं काही महिने वण उन्हापासून झाकावा, नाहीतर तो कातडीपेक्षा काळा पडतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात दंड-मनगटावरचे वण काळे राहतात ते याचमुळं.